सेल्युलोज विघटक विकरे : तंबूवरील बुरशीपासून जैवइंधनापर्यंत

भाताचा दाणा आणि भाताचा पेंढा एकाच रोपापासून मिळतात. दाण्यातील स्टार्च ग्लुकोजच्या रेणूंचे बनलेले असते आणि पेंढ्यातील सेल्युलोजही ग्लुकोजच्याच रेणूंचे बनलेले असते. तरीही दाणा माणसाचे अन्न ठरतो आणि पेंढा त्याच्या पोटात गेला तरी पचत नाही. गाय, म्हैस, शेळी यांना पेंढा पचतो, परंतु त्याचे श्रेय त्यांच्या पचनसंस्थेत वास्तव्य करणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे जाते. हे सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, तयार करतात. या विकरांना 'सेल्युलेज' असे सामान्य नाव आहे.

सेल्युलोज हा पृथ्वीवर सर्वाधिक प्रमाणात आढळणारा सेंद्रिय बहुवारिक पदार्थ आहे. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांना त्यामुळे बळकटी मिळते. कापसाच्या तंतूचा सुमारे नव्वद टक्के भाग सेल्युलोजचा असतो, तर लाकडात त्याचे प्रमाण साधारणपणे ४० ते ५० टक्के असते. अन्नधान्याला हात न लावता या अफाट साठ्यातून साखर व इंधन मिळविता येईल काय, हा प्रश्न आज कृषी, ऊर्जा आणि पर्यावरण या तिन्ही क्षेत्रांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधणाऱ्या संशोधनाची सुरुवात मात्र वेगळ्याच, किंबहुना नेमक्या उलट, गरजेतून झाली.

एकच घटक, दोन रचना

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पेयाँ यांचे नाव या विषयाच्या इतिहासात दोन वेळा येते. १८३३ मध्ये त्यांनी पेर्सो यांच्यासमवेत अंकुरित बार्लीपासून स्टार्चचे विघटन करणारा 'डायास्टेज' हा पदार्थ वेगळा केला. वेगळे करण्यात आलेले हे पहिले विकर होय. पुढे १८३८ मध्ये त्यांनीच वनस्पतींच्या ऊतींमधून सेल्युलोज वेगळे करून त्याची ओळख पटविली. स्टार्च तोडणारे विकर हाती असतानाही ते सेल्युलोजवर निरुपयोगी का ठरते, हे समजण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

दोहोंतील फरक जोडणीचा आहे. स्टार्चमधील ग्लुकोजचे रेणू 'अल्फा' प्रकारच्या बंधांनी जोडलेले असतात. त्यामुळे त्यांची साखळी वळत जाते, सैल राहते आणि पाण्याला तिच्यात सहज शिरकाव मिळतो. सेल्युलोजमधील रेणू 'बीटा' प्रकारच्या बंधांनी जोडलेले असतात. प्रत्येक रेणू मागच्या रेणूच्या तुलनेत उलटा बसतो आणि साखळी सरळ, ताठ होते. अशा अनेक साखळ्या शेजारीशेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. त्यांतून स्फटिकासारखे नियमित तंतू तयार होतात आणि त्यांत पाणी किंवा विकराचा मोठा रेणू सहजासहजी शिरू शकत नाही. शिवाय वनस्पतीमध्ये हे तंतू एकटे नसतात. हेमिसेल्युलोज व लिग्निन हे पदार्थ त्यांना वेढून असतात. झाडाला वर्षानुवर्षे उभे ठेवणारी हीच रचना सेल्युलोजच्या उपयोगातील सर्वांत मोठी अडचण आहे.

लष्कराची अडचण

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर लढणाऱ्या अमेरिकी सैन्याला एका अनपेक्षित शत्रूला तोंड द्यावे लागले. उष्ण व दमट हवेत सुती तंबू, कपडे, पट्टे आणि इतर साहित्य झपाट्याने कुजत असे. या नासाडीचे कारण शोधण्यासाठी सैन्याच्या पुरवठा विभागाने, म्हणजे क्वार्टरमास्टर विभागाने, कुजलेल्या साहित्यावरील बुरशींचे हजारो नमुने गोळा केले. सॉलोमन द्वीपमालेतील बूगनव्हिल बेटावर एका कुजलेल्या सुती तंबूच्या कापडावरून घेतलेल्या बुरशीला 'क्यूएम ६ए' असा क्रमांक देण्यात आला. 'क्यूएम' ही क्वार्टरमास्टर या शब्दाची आद्याक्षरे होत.

या संग्रहाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एल्विन रीस आणि जीवरसायनशास्त्रज्ञ मेरी मँडेल्स यांचे कार्य पायाभूत मानले जाते. हे काम पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातील नेटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत दीर्घकाळ चालू राहिले. मूळ उद्दिष्ट सेल्युलोजचे विघटन थांबविणे हे होते. ते थांबविण्यासाठी ते कसे घडते हे समजून घेणे आवश्यक होते. या अभ्यासात 'क्यूएम ६ए' ही बुरशी विकरांच्या निर्मितीत विशेष समर्थ असल्याचे आढळले. प्रारंभी तिची गणना 'ट्रायकोडर्मा विरिडे' या जातीत होत असे. १९७७ मध्ये ती स्वतंत्र जाती असल्याचे मान्य होऊन रीस यांच्या सन्मानार्थ तिला 'ट्रायकोडर्मा रीसी' हे नाव देण्यात आले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या संशोधनाचे उद्दिष्ट पूर्णपणे बदलले. तंबू नष्ट करणाऱ्या विकरांचा उपयोग रद्दी कागद व शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ग्लुकोज मिळविण्यासाठी करता येईल, असा विचार पुढे आला. ज्या क्रियेला आळा घालण्यासाठी प्रयोगशाळा काम करीत होती, त्याच क्रियेचा वेग वाढविणे हे आता तिचे कार्य झाले.

सी-१ आणि सी-एक्स

रीस यांना एका निरीक्षणाने विचार करण्यास भाग पाडले होते. रासायनिक प्रक्रिया करून विद्राव्य बनविलेले सेल्युलोज अनेक सूक्ष्मजीवांची विकरे तोडू शकतात, परंतु कापसासारखे नैसर्गिक, स्फटिकी सेल्युलोज फार थोड्या सूक्ष्मजीवांना तोडता येते. यावरून १९५० मध्ये रीस व त्यांचे सहकारी स्यू आणि लेव्हिन्सन यांनी एक गृहीतक मांडले. त्यानुसार 'सी-१' हा घटक प्रथम घट्ट बांधलेल्या साखळ्या सैल करतो आणि त्यानंतर 'सी-एक्स' ही विकरे त्या साखळ्यांचे जलीय विच्छेदन करतात.

पुढील दशकांत विकरे शुद्ध स्वरूपात वेगळी करता आली, तेव्हा हे गृहीतक जसेच्या तसे टिकले नाही. 'सी-१' म्हणून ओळखला जाणारा घटक हाही बंध तोडणाराच आहे, असे दिसून आले. तथापि, एकटे विकर पुरेसे नाही व वेगवेगळ्या कार्यांची विकरे मिळूनच सेल्युलोज तोडतात, हा त्यातील गाभ्याचा विचार योग्य ठरला. सुमारे साठ वर्षांनंतर, २०१० पासून, तांब्याचा अणू धारण करणारी आणि ऑक्सिडीकरणाद्वारे स्फटिकी पृष्ठभागावरील साखळीला छेद देणारी विकरे प्रकाशात आली. लायटिक पॉलिसॅकराइड मोनोऑक्सिजनेज असे त्यांचे नाव आहे. घट्ट पृष्ठभाग प्रथम मोकळा करणाऱ्या घटकाची रीस यांची कल्पना त्यामुळे पुन्हा चर्चेत आली.

बुरशीला सेल्युलोजचा सुगावा कसा लागतो ?

मेरी मँडेल्स यांच्या संशोधनाने दुसऱ्या मूलभूत प्रश्नाकडे लक्ष वेधले. ही बुरशी सेल्युलेज सदासर्वकाळ तयार करीत नाही. सेल्युलोज उपलब्ध असताना ती विकरे मोठ्या प्रमाणावर सोडते, तर ग्लुकोज सहज मिळत असल्यास निर्मिती थांबविते. सजीवाच्या काटकसरीचे हे उत्तम उदाहरण आहे. परंतु सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि पेशीच्या आत जाऊ शकत नाही. मग पेशीला त्याच्या अस्तित्वाची वार्ता कोण देते ?

याचा उलगडा असा झाला की, बुरशी अत्यल्प प्रमाणात विकरे नेहमीच बाहेर सोडत असते. त्यांच्या क्रियेने सेल्युलोजपासून लहान, विद्राव्य शर्करा तयार होतात आणि त्या संदेशवाहकाचे काम करतात. या अभ्यासात संशोधकांना असेही आढळले की, बाजारात मिळणाऱ्या ग्लुकोजच्या काही नमुन्यांमुळे विकरांची निर्मिती थांबण्याऐवजी वाढते. शोध घेता त्या ग्लुकोजमध्ये अशुद्धी म्हणून असलेली 'सोफोरोज' ही शर्करा याला कारणीभूत असल्याचे स्पष्ट झाले. मँडेल्स, पॅरिश व रीस यांनी १९६२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सोफोरोजमध्येही ग्लुकोजचे दोनच रेणू असतात, मात्र त्यांची जोडणी वेगळी असते. या बुरशीसाठी ते अतिशय प्रभावी प्रवर्तक ठरते. विसंगत वाटणारा निकाल बाजूला न सारता त्याचे कारण शोधल्यामुळे हाती लागलेला हा शोध आहे.

विकरांची कार्यविभागणी

सेल्युलोजचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करण्याच्या कामी मुख्यतः तीन प्रकारची विकरे भाग घेतात.

पहिला प्रकार 'एंडोग्लुकॅनेज' हा होय. ही विकरे साखळीच्या मधल्या, तुलनेने सैल भागातील बंध तोडतात व त्यामुळे नवी टोके निर्माण होतात. दुसरा प्रकार 'सेलोबायोहायड्रोलेज' हा होय. ही विकरे टोकापासून सुरुवात करून साखळीवरून पुढे सरकतात आणि ग्लुकोजच्या दोन रेणूंचा एक तुकडा, म्हणजे 'सेलोबायोज', असे तुकडे तोडत जातात. यांपैकी एक विकर साखळीच्या एका टोकाकडून, तर दुसरे विरुद्ध टोकाकडून काम करते. तिसरा प्रकार 'बीटा-ग्लुकोसिडेज' हा असून तो सेलोबायोजचे ग्लुकोजमध्ये विभाजन करतो. तिन्ही एकत्र असताना होणारे काम त्यांच्या स्वतंत्र कामांच्या बेरजेपेक्षा अधिक असते. यालाच सहक्रिया म्हणतात.

ट्रायकोडर्मा रीसीच्या प्रमुख सेलोबायोहायड्रोलेजची त्रिमितीय रचना १९९४ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी उलगडली. या विकराच्या मध्यभागी बोगद्यासारखा मार्ग आहे. सेल्युलोजची साखळी एका बाजूने त्यात ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूने सेलोबायोजचे तुकडे बाहेर पडतात. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी अतिवेगवान अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या विकराचे रेणू सेल्युलोजच्या तंतूवरून प्रत्यक्ष सरकताना टिपले. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे सात नॅनोमीटर इतका होता. एखादा रेणू अडथळ्याशी थांबला की मागचे रेणूही अडकून पडतात, म्हणजे तेथे वाहतुकीची कोंडी होते, असेही त्यांना दिसून आले. विकरांचे प्रमाण नुसते वाढविल्याने विघटनाचा वेग त्याच प्रमाणात का वाढत नाही, याचे एक कारण यातून समजते.

आणखी एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. सेलोबायोज साचल्यास सेलोबायोहायड्रोलेजचे काम मंदावते आणि ग्लुकोज साचल्यास बीटा-ग्लुकोसिडेजचे. ट्रायकोडर्मा रीसी बीटा-ग्लुकोसिडेज कमी प्रमाणात सोडते. म्हणून ॲस्परजिलससारख्या अन्य बुरशीकडून मिळविलेल्या या विकराची जोड देण्याची पद्धत रूढ झाली.

मोजमापाचा प्रश्न आणि भारतीय योगदान

विकरे तीन, त्यांच्यापुढील पदार्थ अविद्राव्य आणि त्याचा काही भाग सैल तर काही भाग स्फटिकी. अशा स्थितीत एका प्रयोगशाळेतील विकराची तुलना दुसरीतील विकराशी कशी करायची ? नेटिक येथे मँडेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी गाळण कागदाचा उपयोग करणारी पद्धत १९७६ मध्ये मांडली. १९८७ मध्ये दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक टी. के. घोष यांनी शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी या मोजमापाची प्रमाणित कार्यपद्धती तयार केली. जगभरातील प्रयोगशाळांनी ती स्वीकारली.

या पद्धतीत १ सेंटिमीटर रुंद व ६ सेंटिमीटर लांब, सुमारे ५० मिलिग्रॅम वजनाची गाळण कागदाची पट्टी ५० अंश सेल्सिअस तापमानाला, ४.८ पीएच असलेल्या द्रावणात एक तास विकरासमवेत ठेवली जाते. या वेळात २ मिलिग्रॅम ग्लुकोज मुक्त करण्यास विकराचे किती द्रावण लागते, यावरून त्याची क्षमता ठरविली जाते. विघटन जसजसे पुढे जाते तसतसा उरलेला भाग अधिक कठीण होत जातो. म्हणूनच ठरावीक विघटनाची पातळी सर्वांसाठी समान ठेवण्यावर या पद्धतीचा भर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पेनिसिलियमसारख्या बुरशींपासून मिळणाऱ्या सेल्युलेजवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

उत्पादनवाढीचे प्रयत्न

मूळ 'क्यूएम ६ए' बुरशीकडून मिळणारी विकरे उद्योगाच्या दृष्टीने अपुरी होती. म्हणून प्रारणे व रसायने यांच्या साहाय्याने तिच्यात उत्परिवर्तने घडविण्यात आली. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात ब्लँड मॉन्टेनकोर्ट व डग्लस एव्हली यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेला 'रट सी-३०' हा वाण विशेष प्रसिद्ध आहे. ग्लुकोज उपलब्ध असताना विकरनिर्मिती रोखणाऱ्या जनुकात बिघाड झाल्यामुळे हा वाण अधिक विकरे सोडतो. आजचे औद्योगिक वाण एका लिटर द्रावणात १०० ग्रॅमपर्यंत प्रथिने सोडू शकतात.

२००८ मध्ये या बुरशीच्या संपूर्ण जनुकसंचाचा क्रम प्रसिद्ध झाला. सुमारे ३.४ कोटी आधारक जोड्या व नऊ हजारांहून अधिक जनुके असलेल्या या जीवाकडे सेल्युलोज विघटनाची जनुके इतर अनेक बुरशींपेक्षा कमीच आहेत, हे पाहून संशोधकांना आश्चर्य वाटले. तिचे सामर्थ्य विकरांच्या विविधतेपेक्षा ती मुबलक प्रमाणात सोडण्याच्या क्षमतेत आहे. सेल्युलेजचा उपयोग आज जीन्सच्या कापडाला जुनेपणाची छटा देण्यासाठी, धुलाईच्या पावडरीत, फळांचा रस काढताना, कागद उद्योगात व पशुखाद्यात केला जातो. इंधननिर्मितीत मात्र त्याची खरी कसोटी लागते.

पेंढ्यापासून इथेनॉल

उसाची मळी, उसाचा रस किंवा धान्य यांपासून मिळणाऱ्या इथेनॉलला पहिल्या पिढीचे, तर पेंढा, चिपाडे, पऱ्हाट्या, बांबू अशा काष्ठतंतुमय पदार्थांपासून मिळणाऱ्या इथेनॉलला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे भारतातील प्रमाण २०१४ च्या सुमारास दीड टक्का होते. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. तथापि, ही वाढ प्रामुख्याने ऊस, मका व तांदूळ यांच्या आधारे झाली आहे. अन्न, पशुखाद्य व इंधन यांच्यात जमीन आणि पाण्यासाठी स्पर्धा होऊ नये, यासाठी दुसऱ्या पिढीच्या इंधनाला महत्त्व आहे. पंजाब व हरियाणात भातकापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये फार थोडे दिवस मिळत असल्याने शेतातच जाळला जाणारा पेंढा हाही या प्रश्नाचाच एक भाग आहे.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात प्रगत जैवइंधनांना प्रोत्साहन देण्यात आले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने १,९६९.५० कोटी रुपये तरतुदीच्या 'प्रधानमंत्री जी-वन योजने'ला मंजुरी दिली आणि २०२४ मध्ये तिची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढविली. तत्पूर्वी, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील ऊर्जा जैवविज्ञान केंद्राने विकसित केलेल्या तंत्रज्ञानावर आधारित, दररोज दहा टन जैवभार हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे सुरू झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या पानिपत येथील प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे तंत्रज्ञान वापरणाऱ्या या प्रकल्पाची आखणी वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल मिळविण्याच्या हिशोबाने करण्यात आली. आसाममधील गोलाघाट जिल्ह्यात नुमालीगड येथील बांबूवर आधारित प्रकल्पाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

हिशोब काय सांगतो ?

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने समजून घेता येतो. एका टन पेंढ्यात ३५ टक्के सेल्युलोज आहे असे धरल्यास ते ३५० किलोग्रॅम होते. जलीय विच्छेदनात प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू जोडला जात असल्याने त्यापासून जास्तीत जास्त सुमारे ३८९ किलोग्रॅम ग्लुकोज मिळू शकते. किण्वनात ग्लुकोजच्या वजनाच्या ५१ टक्के इथेनॉल तयार होते व उरलेला भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. म्हणजे साधारण १९९ किलोग्रॅम, अर्थात सुमारे २५० लिटर इथेनॉल मिळावयास हवे. पानिपत प्रकल्पाच्या आखणीत मात्र टनामागे सुमारे १५० लिटर अपेक्षित आहे. सैद्धांतिक कमाल आणि प्रत्यक्ष उत्पादन यांतील या अंतरातच संशोधनापुढील आव्हाने दडलेली आहेत.

पहिले आव्हान पूर्वप्रक्रियेचे आहे. सौम्य आम्ल, वाफेचा दाब किंवा अमोनिया यांच्या साहाय्याने लिग्निनचे आवरण सैल केल्याशिवाय विकरे सेल्युलोजपर्यंत पोहोचत नाहीत. यासाठी ऊर्जा लागते आणि तयार होणारे काही उपपदार्थ किण्वनाला बाधक ठरतात. दुसरे, विकरांचे काही रेणू लिग्निनलाच चिकटून वाया जातात. तिसरे, हेमिसेल्युलोजपासून मिळणाऱ्या झायलोजसारख्या पाच कार्बनी शर्करांचे किण्वन नेहमीचे यीस्ट करू शकत नाही. त्यासाठी जनुकीय बदल केलेले यीस्ट किंवा अन्य सूक्ष्मजीव लागतात. चौथे आव्हान विकरांच्या किमतीचे आहे. स्टार्चच्या तुलनेत सेल्युलोजसाठी विकरे कितीतरी पट अधिक लागतात. त्यांच्या उत्पादनावर जगातील मोजक्या कंपन्यांचे वर्चस्व आहे. म्हणूनच दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्र तसेच फरिदाबाद येथील जैवतंत्रज्ञान विभाग व इंडियन ऑइल यांचे संयुक्त केंद्र येथे स्वदेशी विकरनिर्मितीवर चाललेल्या कामाला केवळ शास्त्रीय नव्हे, तर आर्थिक महत्त्वही आहे.

याखेरीज पेंढा गोळा करणे, त्याचे गठ्ठे बांधणे, वाहतूक व साठवण यांचा खर्च मोठा असतो. पेंढा काही आठवड्यांतच उपलब्ध होतो, कारखाना मात्र वर्षभर चालवावा लागतो. शेतकऱ्याला पेंढ्याचा योग्य मोबदला व वेळेत मोकळे शेत मिळाले नाही, तर प्रयोगशाळेतील यश शेतापर्यंत पोहोचणार नाही. सर्वच पेंढा कारखान्यात जावा असेही नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या 'पुसा डिकंपोजर'मध्ये बुरशींचाच उपयोग करून पेंढा शेतात कुजविला जातो. तेथेही मूळ कार्य सेल्युलोज विघटक विकरांचेच असते, मात्र त्याचे फळ इंधनाऐवजी मातीतील सेंद्रिय द्रव्याच्या रूपाने मिळते.

समारोप

कुजलेल्या तंबूवरील एका बुरशीच्या अभ्यासातून सुरू झालेले हे संशोधन आज जैवअर्थव्यवस्थेच्या केंद्रस्थानी आले आहे. पर्यावरण, अर्थव्यवस्था आणि रोजगार यांना पूरक जैवनिर्मितीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'बायोई-३' धोरणालाही अशा विकरांवरील संशोधनाचा आधार लागणार आहे. रीस व मँडेल्स यांनी विचारलेले प्रश्न मूलभूत होते : विकरे कोणती, ती कशी काम करतात आणि बुरशी ती केव्हा तयार करते. त्यांची उत्तरे मिळत गेली तसतसे उपयोगाचे मार्ग खुले झाले. काष्ठतंतूंतील साखर अद्याप स्वस्त झालेली नाही. ती स्वस्त करण्यासाठी जीवरसायनशास्त्र, अभियांत्रिकी व कृषी व्यवस्थापन यांना, सेल्युलेजच्या तीन विकरांप्रमाणेच, परस्परांच्या सहकार्याने काम करावे लागेल. तसे झाल्यास शेतातील आगीत जाणारा पेंढा शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे आणि देशाच्या ऊर्जासुरक्षेचे साधन ठरू शकेल.